शिवाक्काची मोडकी भाकरी

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरात नातीच्या डब्यातले शंकरपाळे चोरून खात होते. तोंड भरलेलं, म्हणून नुसतं ‘हं’ म्हणाले. “मावशी, आई गेल्या,” शिवाक्काची सून म्हणाली. कुठे गेली, असं विचारणारच होते मी... कारण ही बाई सदा कुठेतरी गेलेलीच असायची. मग सुनंदाचा हुंदका ऐकू आला आणि तोंडातला घास ना गिळता येईना, ना थुंकता.

शिवाक्का उदगीरची लेक, लातूरच्या भांड्याच्या दुकानदाराची बायको आणि मी लातुरात होते तोवर माझी भिंतीपलीकडची शेजारीण. मी आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष, ती नुसती सभासद. हा फरक तेव्हा मला फार महत्त्वाचा वाटायचा. एका वर्षी जळकोटकडच्या एका गावावर सांजेला वादळ आलं. घरांवरचे पत्रे उडून बाभळीत अडकले, ओढा गावात शिरला. आम्ही तिथल्या शाळेत खिचडीचं अन्नछत्र उघडलं. चिखलात इस्त्रीची साडी, छातीवर बिल्ला, डोळ्यांवर गॉगल, अशी मी वाढायला उभी. डाव ताटाकडे आणि मान फोटोवाल्याकडे. तो फोटो परवा नातीला सापडला. म्हणाली, “आजी, ही बाई वाढतेय का सांडतेय?”

त्या गावात मुक्ता नावाची तरुण बाई होती. तिचा नवरा दत्ता पुरात बैल सोडायला गेला, तो परत आला नाही. बैल सापडले, दत्ता सापडला नाही. ज्या घरात माणूस जातं तिथं सुतक फिटेपर्यंत चूल पेटत नाही. सोयरेधायरे भाकरी-पिठलं आणून कडू घास भरवतात. इथं मढंच नाही तर माती कशाची आणि सुतक फिटणार कधी? दत्ताची आई जनाबाई सोयऱ्यांच्या भाकरी दारातूनच परत पाठवायची. कडू घास खाल्ला म्हणजे लेक मेला असं कबूल केलं, आणि चूल पेटवली म्हणजे सुतकसुद्धा फिटलं. खिचडी मात्र चालायची, कारण ती सगळ्या गावाची होती. म्हातारी, सून आणि दोन नाती आमच्या खिचडीवर तगून होत्या, आणि ती उद्यापासून बंद होणार होती. देणाऱ्यांची पोती दुसऱ्या गावांकडे वळली होती.

मुक्ताचा भाऊ किनवटहून आला होता, पिशवी भरून दारात उभा. “आज चूल पेटली तर बरं,” तो म्हणाला, “न्हाई तर बहिणीला घेऊन जातो. पोरींला वसतिगृहात टाकतो. उपाशी न्हाई मरू देणार.” म्हणजे म्हातारी एकटी, पोरी आईविना, आणि दत्ताचं घर ओस. आदल्या दिवशी मुक्ताने चुलीत काटक्या रचल्या, तर जनाबाईने वर तांब्याभर पाणी ओतलं होतं. आता म्हातारी चुलीला पाठ लावूनच बसली होती, मांडीशी तांब्या.

अध्यक्ष या नात्याने मी पुढे झाले. “आजी, आपण वास्तव स्वीकारलं पाहिजे,” म्हणाले. खरंच असं म्हणाले मी, वास्तव! जनाबाईने माझ्या गॉगलकडे निरखून पाहिलं. “ह्या बाईला सावलीला न्या रे कुणी,” ती म्हणाली, “उन्हानं बडबड करून राहिली.”

तेवढ्यात शिवाक्का आली. काखेत पीठ मळायची तिची लाकडी काठवट, लातूरहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेली. ती सरळ म्हातारीच्या शेजारी बसली. “सरका जराशा. आमच्या लिंगायतात सुतक नसतंय. म्या पेटवली तर कुणाचं काई फिटत न्हाई.”

“पेटवायचीच कशाला?”

“दत्ता आला अन् भूक लागली म्हनला, तर काय वाढताव? शाळेतली खिचडी? उद्यापसून तीबी न्हाई.”

जनाबाईचा हात तांब्यावर गेला. मुक्ताने पोरींना मागे ओढलं. भाऊ पिशवीचे बंद आवळत राहिला. मग म्हातारी वीतभर सरकली. वीतभरच, तांब्या न सोडता.

काटक्या ओल्या, धुराने सगळ्यांचे डोळे भरले, ते बरंच झालं. शिवाक्काने पीठ मळलं, भाकरी थापली, ती उचलतानाच मोडली. दुसरी तव्याला चिकटून करपली. माझं डोकं चालेना. शिवाक्काची भाकरी मी रोज खात होते, असा पापुद्रा लातुरात कुणाला साधत नव्हता. “अगं, तुझ्या तर किती...” एवढं माझ्या तोंडून निघालं, आणि तिने मान न वळवता माझ्या पोटरीला असा चिमटा काढला की ती जागा पुढे काळीनिळी झाली. तिसरी भाकरीही मोडली. जनाबाई बघत होती. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. “माय, भाकरी करून राहिलीस का शेण्या थापून राहिलीस? पीठ असं मळतेत व्हय?” आणि हातातला तांब्या पिठात कलता करत म्हणाली, “सरक.”

भावाने पिशवी खाली ठेवली. पहिली टम्म फुगलेली भाकरी म्हातारीने दत्तासाठी फडक्यात बांधून बाजूला ठेवली. पुढे शेवटपर्यंत रोज ठेवली. संध्याकाळी ती शेजाऱ्याच्या गाईला जायची. दत्ता आला नाही.

मंडळ ते गाव विसरलं, मीही विसरले. शिवाक्का मात्र दर महिन्याला जायची. “आता काय राहिलंय तिथं?” मी विचारायची. “मान्सं राह्यलीत की,” ती म्हणायची. कधी पत्र्यांसाठी तहसीलला खेटे, कधी पोरींच्या शाळेची भांडणं, कधी नुसतंच मुक्ताच्या ओसरीवर बसणं. मुक्ताला जळकोटच्या स्टँडजवळ भाकरी विकायला तिनेच बसवलं.

मी लातूरला पोचले तोवर माती झाली होती. त्या घरात चूल चालू होती, सुनंदा ताट वाढत होती, पण माझ्या घशाखाली काही उतरेना. दुसऱ्या दिवशीही तेच. मधुमेहाच्या गोळ्या आणि रिकामं पोट. सुनंदा घाबरली. दुपारी मुक्ता आली. माझ्याकडे पाहिलं, शिवाक्काची काठवट घेऊन बसली. पहिली भाकरी मोडली. मनात म्हटलं, दुःखाने हात चालत नसेल बिचारीचा. दुसरी करपली. जिच्या भाकरीसाठी लोक आपली एसटी सोडतात, तिची? मग हसू दाबणारा तिच्या ओठाचा कोपरा दिसला... आणि कळलं, की त्या दिवशी धुरामागून ही पोरगी सगळं बघत होती.

“सरक,” मी म्हणाले.

माझी भाकरी मात्र खरोखरच मोडली. तेच तुकडे आम्ही तिघींनी दुधात कुस्करून खाल्ले. सुनंदाने निघताना काठवट माझ्या पिशवीत घातली.

आता ती नांदेडला माझ्या ओट्यावर असते. मी रोज एक भाकरी थापते, रोज ती मोडते. नात विचारते, “आजी, तू मुद्दाम करतेस ना?”

मी हो म्हणते.