एस. कुमार यांचे दोनशे चौदा शोधनिबंध

कॉलेजच्या फाटकावर आपला मोठा फोटो लागलेला सुमंतने पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्याला वाटलं, आपण बहुतेक मेलो. भिलाईत असे फ्लेक्स एक तर नेत्यांच्या वाढदिवसाला लागतात, नाहीतर श्रद्धांजलीला. स्कूटर बाजूला लावून तो जवळ गेला. फोटोखाली हिंदीत लिहिलं होतं: 'हमारा गौरव, डॉ. एस. कुमार, २१४ शोधपत्र, छह विषय.'

सुमंतने आयुष्यात अकरा शोधनिबंध लिहिले होते, तेही एकाच विषयावर.

तो या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात अठरा वर्षं धातुशास्त्र शिकवत होता. त्याचा विषय म्हणजे स्लॅग, लोखंड वितळताना वर तरंगणारी मळी. त्याचे वडील देवाजी साकोलीकडची शेती भावांवर सोडून भिलाईला आले आणि एकतीस वर्षं पोलाद कारखान्याच्या ब्लास्ट फर्नेसवर राबले. मळी वाहताना तिचा रंग कसा बदलतो आणि त्यावरून ती थंड झाल्यावर ठिसूळ होणार की चिवट, हे देवाजी नुसतं बघून सांगत. सुमंतने पाच वर्षं खपून तेच प्रयोगशाळेत मोजून दाखवलं. त्या निबंधाच्या शेवटी वडिलांचे आभार होते. ब्राझीलच्या, पोलंडच्या लोकांनी आपल्या निबंधांत त्याचा दाखला दिला, एकूण अडतीस वेळा. असा दाखला कुणी दिला की त्याची नोंद होते, आणि त्या नोंदींवरच हल्ली मास्तराची किंमत ठरते. सुमंतला अडतीस पुष्कळ वाटत.

गोंधळ नावाचा होता. घराणं कापगत्यांचं. पण पहिलीत नाव घालताना शाळेतल्या बाबूने विचारलं होतं, "आगे क्या लिखूं? कुमार लिख दूं? अच्छा लगता है." देवाजींना ड्युटीवर जायची घाई होती. त्यांनी मान हलवली, आणि पोरगा जन्माचा सुमंत कुमार झाला. पुढे परदेशातल्या एका कंपनीने जगभरच्या निबंधांची यादी करणारं यंत्र बनवलं. त्या यंत्राने देशभरातल्या कितीतरी एस. कुमारांचे निबंध उचलले आणि भिलाईच्या एस. कुमारच्या खात्यात टाकले. त्यात कर्करोगाची औषधं होती, दातांची मुळं होती, भाताच्या जाती, मासे आणि कसलंसं गणितही होतं. सुमंतचा मळीचा निबंध मात्र त्याच यंत्राने दिल्लीकडच्या कुणा दुसऱ्या एस. कुमारला देऊन टाकला.

त्या दिवशी फोनवर ते खातं उघडून बघितलं आणि तो तडक प्रिन्सिपल चंद्राकरांच्या केबिनमध्ये गेला.

"सर, ये मेरे पेपर नहीं हैं."

चंद्राकर हसले. "अरे कुमारजी, नाम आपका, कॉलेज आपका. और क्या चाहिए?"

"सर, दांतों पर मैं क्या लिखूंगा? मैं उस कंपनी को हटाने के लिए लिख रहा हूं."

"अगले महीने कॉलेज को ग्रेड देने वाली कमेटी आ रही है," चंद्राकर म्हणाले. हसू तसंच होतं, आवाज मात्र बदलला. "उसके बाद जो हटाना है हटाइए." आणि त्यांनी कमिटीला द्यायचा एक जाड फॉर्म पुढे सरकवला. "यहां साइन कर दीजिए. सब भरा हुआ है."

सुमंतने पानं चाळली असती तर सातव्या पानावर दोनशे चौदा हा आकडा दिसला असता. खरं म्हणजे न चाळताही त्याला ठाऊक होतं की तो असणार. पण समोर माणूस पेन धरून उभा, बाहेर दोन जण ताटकळलेले, आणि घरी बारावीतली मुलगी, उर्वी. त्याने सही केली.

कंपनीला मात्र तो लिहीत राहिला. उत्तर यंत्राचंच यायचं: आपली विनंती मिळाली, धन्यवाद. एकदा खरोखर नव्वद निबंध निघाले. त्या रविवारी त्याने बायकोला, कीर्तीला, मुद्दाम बोलावून स्क्रीन दाखवला. महिनाभराने बघतो तर ते परत आलेले, वर आणखी थोडे. दिल्लीच्या कुमारालाही त्याने लिहिलं. ते वर्षभरापूर्वीच वारले होते, असं त्यांच्या विभागातून कळलं.

मग कर्करोगाच्या औषधावरचा एक निबंध मासिकाने मागे घेतला. त्यात एकच छायाचित्र तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या पेशींचं म्हणून छापलं होतं. कुणा एस. कुमारने केलेली ती लबाडी भिलाईच्या खात्यात लाल अक्षरांत दिसू लागली. चौथ्या दिवशी एका स्थानिक हिंदी पेपरात बातमी आली: 'भिलाई के प्रोफेसर का शोधपत्र रद्द.' संध्याकाळपर्यंत फाटकावरचा फ्लेक्स उतरला होता. सुमंतच्या हातात खुलासा मागणारी नोटीस होती.

वैशाली नगरच्या घरात बातमी सगळ्यांत आधी देवाजींनी वाचली. सुमंत आला तेव्हा ते पेपर मांडीवर घेऊन बसले होते. आई, सिंधुताई, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तू चोरी केली का बे?" देवाजींनी विचारलं.

"नाही बाबा. तो पेपर माहा नाहीच."

"मंग लिवून कावून नाही देत?"

"लिवून देऊन राहिलो ना. एकोनीस डाव लिवलं."

"वाचते कोन?"

"कोनी नाही वाचत. मशीन हाय तिथं."

देवाजी विचारात पडले. "मशीन बी कोनीतरी चालवतेच ना. आमच्या फर्नेसवर काई झालं का शिफ्ट इनचार्जले धरू. तिथला इनचार्ज कोन हाय? त्याचं नाव आन."

"तसं नाव नाही देत बाबा ते."

"जेवू द्या त्याले आंधी," सिंधुताई म्हणाली. देवाजींनी पेपराची घडी घातली. ती बातमी आतल्या बाजूला जाईल अशी घातली, हे सुमंतच्या लक्षात आलं.

चौकशी समितीत तिघे होते आणि त्यांतले एक चंद्राकर. सुमंतने एकोणीस पत्रांच्या छापील प्रती टेबलावर ठेवल्या. बाहेरून आलेल्या वयस्कर बाईंनी त्या सगळ्या वाचल्या. चौकशीत नीट वाचणाऱ्या त्या एकट्याच. मग त्यांनी जाड फॉर्म उघडला.

"हे निबंध तुमचे नाहीत, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"होतं, मॅडम."

"मग ही सही कुणाची?"

सुमंतने चंद्राकरांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. 'यांनी करायला लावली,' हे शब्द जिभेवर आले, पण बोलणार तोच त्याला वाटलं, हात तर आपलाच होता. "माझी," तो म्हणाला.

लबाडी सिद्ध झाली नाही, निष्काळजीपणा झाला. नोकरी राहिली, पण त्याला पीएचडीचे विद्यार्थी घेता येणार नव्हते, आणि होते तेही काढून घेतले. त्यांत दिपाली होती. रुआबांध्याच्या वीटभट्टीवाल्याची ही मुलगी चार वर्षं प्रयोगशाळेत मळीच्या विटा भाजत होती. तिला नवे मार्गदर्शक मिळाले ते पंप शिकवणारे. "सर, मी आता काय करू?" तिने विचारलं. सुमंतने आपल्या वह्या तिच्या हवाली केल्या. त्याच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

या सगळ्यानंतर एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. बाई हिंदीत बोलत होती, जपून, शब्द तोलून.

"आप भिलाई वाले एस. कुमार सर हैं? मैं सरोज कुमार. बिहार से. मछली वाले नौ पेपर मेरे हैं."

सुमंत खुर्चीत नीट सावरून बसला. ती एका मत्स्य महाविद्यालयात सात वर्षं कंत्राटावर शिकवत होती. आता पक्क्या जागेसाठी मुलाखत होती, आणि निवड समिती यंत्रातली यादी बघते. तिथे तिच्या नावावर एकही निबंध दिसत नव्हता. तिने सुमंतला चोर म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "सर, आप हटा सकते हैं क्या? दस दिन हैं."

आजवर तो स्वतःलाच या प्रकरणातला एकटा लुटला गेलेला माणूस समजत होता. त्याच्या फ्लेक्सवरच्या आकड्यात या बाईची सात वर्षं होती, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने त्याच दुपारी विसावं पत्र पाठवलं. मग शेजारच्या दुर्गला कोर्टात जाऊन नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं: हे नऊ निबंध माझे नाहीत, सरोज कुमार यांचे आहेत. नोटरीने वाचून मान वर केली. "लोग तो अपना बताने आते हैं साहब, आप पहले मिले." सुमंतने कागद स्पीड पोस्टाने धाडला आणि फोटो काढून तिला फोनवरही पाठवला.

बाराव्या दिवशी तिचा निरोप आला. समितीने कागद ठेवून घेतला, पण गुण स्क्रीनवर दिसतं त्यालाच दिले. जागा दुसऱ्याला गेली. 'आपने कोशिश की सर, धन्यवाद.'

त्या संध्याकाळी सुमंतने तिचा पहिला निबंध उघडला. दोनशे चौदांपैकी एकही परका निबंध त्याने कधी वाचलाच नव्हता. उथळ, गढूळ तळ्यात मागूर मासा उन्हाळा कसा काढतो, असा तो विषय होता. निम्मं त्याला कळलं नाही. जे कळलं ते स्वच्छ होतं, एकही फुगवलेलं वाक्य नव्हतं. तळ्याच्या तापमानाबद्दल एक शंका आली, ती त्याने लिहून पाठवली.

उत्तर आठवड्याने आलं. शंका बरोबर होती, तिसऱ्या उन्हाळ्याची मोजणी बाकी होती म्हणून तो कोपरा तसाच राहिला, असं तिने लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: आता ती मोजणी होणार नाही, कॉलेज सोडलं, गावच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते.

सुमंतने कॉलेजात, स्टाफरूममध्ये बसून उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं. घंटा झाली. तिसऱ्या वर्षाचा तास होता. त्याने हजेरीपट उचलला आणि तो वर्गाकडे निघाला.