डबा भरला आणि वस्तादांचं बोलणं आत राहिलं

मला लिहायची सवय नाही. सयाजीच्या घरी मुद्रितं तपासायला जायचो, तेवढाच माझा अक्षरांशी संबंध. तेव्हा हे नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

सयाजी कराडचा. वडील आकाराम वस्ताद, तालमीत पोरं घडवणारे, सहीच्या जागी अंगठा उठवणारे. मुलगा मात्र छापखान्यात रमला. आधी खिळे जुळवायचा, मग कॉम्प्युटर शिकला. सत्त्याण्णव साली त्याच्या सोप्यात, घराच्या पुढच्या खोलीत, दोन कॉम्प्युटर होते. एकावर तो, दुसऱ्यावर बायको शिवांजली. दोन्हींच्या तारा कोपऱ्यातल्या तिसऱ्या यंत्राला जोडलेल्या. त्याला घरात सगळे डबा म्हणत. डब्याच्या पोटात दोन कप्पे: मोठ्यात सगळं काम साठायचं, लहान कप्पा डब्याला स्वतः चालण्यासाठी लागायचा.

त्या उन्हाळ्यापासून रोज संध्याकाळी वस्ताद खुर्चीत बसून कुस्तीच्या डावांबद्दल बोलायचे आणि सयाजी ऐकत ऐकत टाइप करायचा. कागदावर काही नव्हतं. त्याचं पुस्तक करायचं होतं.

मग पितृपक्ष लागला. नवरात्रातल्या वास्तुशांतीच्या, दुकानाच्या पूजेच्या पत्रिकांची कामं गिऱ्हाइकं आणून देत, पण या पंधरवड्यात शुभकार्याचा मजकूर कागदावर उमटू नये असा त्यांचा हट्ट. सयाजीने त्यावर तोड काढली. पत्रिका तयार करून छपाईला पाठवायची आणि रांगेत थांबवून ठेवायची. घट बसले की रांग सोडून द्यायची. गणपतीची, कलशाची मोठमोठी चित्रं असलेल्या त्या पत्रिका लहान कप्प्यात साठत गेल्या. थांबलेली छपाई तिथे जाते, हे त्याला कुठे ठाऊक होतं?

पंधरवड्याच्या मध्यावर वस्तादांना अर्धांगाचा झटका आला. मिरजेच्या दवाखान्यातून घरी आले ते वाचा आणि उजवी बाजू घालवून. त्याच दिवशी सयाजीने डबा सुरू केला, आणि डबा त्याला आत घेईना. नाव टाका, परवलीची खूण टाका, पडदा एकच सांगायचा: जागा नाही.

मी गेलो तेव्हा तो डब्यापुढे मांडी घालून बसला होता.

"आण्णा, कुलूपबी डब्याचं आन् किल्लीबी डब्यातच," तो म्हणाला. "रांग काढून टाकायची तर आत जायला पायजे. आत जायला जागा पायजे. जागा रांगेनं खाल्लीया."

"पितरांस्नी भ्यालासा," शिवांजली आतून म्हणाली, "डब्याला न्हाई भ्यालासा."

"भ्यालो तर भ्यालो. आता काय करू, त्ये सांग."

ती आतल्या खोलीत सासऱ्यांना पेज भरवत होती.

सांगलीहून अनीश नावाचा मुलगा बोलावला. डबा त्यानेच बसवला होता. त्याने खोलून पाहिलं, तारा हलवल्या, पुन्हा पुन्हा चालू-बंद केलं.

"काका, सगळं पुसून नव्यानं बसवू. कॉपी आहे ना?"

"हाय की."

"कुठे?"

"डब्यातच. दुसऱ्या नावानं."

अनीश माझ्याकडे बघायला लागला. मी चष्मा पुसायला घेतला. चोर शिरला तरी एक वाचावी म्हणून सयाजीने दोन तिजोऱ्या केल्या होत्या, पण दोन्ही एकाच खोलीत.

"मग एक दुरुस्तीची फ्लॉपी आहे," अनीश हळू म्हणाला. "लहान कप्पा साफ करते. कधी कधी मोठ्यालाही हात लावते. मी जबाबदारी घेणार नाही."

सयाजी उठून आत गेला. वस्ताद छताकडे बघत पडले होते. तो पायाशी उभा राहिला, त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. परत आला.

"घाल फ्लॉपी."

यंत्र करकरत राहिलं. सयाजी भिंतीला टेकून तोंडात उपरणं धरून बसला होता. 

रांग गेली. सगळ्या पत्रिका गेल्या. मोठा कप्पा शाबूत राहिला. सयाजी एकेक प्रकरण उघडून बघू लागला, आणि मला वाटलं, सुटलो. शेवटचं प्रकरण उघडलं. पांढरं. नाव होतं, तारीख होती, आत एक अक्षर नव्हतं. झटका यायच्या आदल्या संध्याकाळी लहान कप्प्यातली जागा संपत आली होती, आणि नवा मजकूर आधी तिथूनच जायचा. डब्याने नाव घेतलं, मजकूर घेतला नाही.

"ह्यात काय होतं?" मी विचारलं.

"त्यांचा सवताचा डाव. कुणालाच शिकवला नव्हता. म्या टाइप करत व्हतो, आण्णा. ध्यान बोटांकडं. कानानं ऐकलं, डोसक्यात काय बी न्हाई."

तो आत गेला, खाटेवर बसला आणि वस्तादांच्या कानाशी वाकला. "आबा, तुमचा डाव. पुन्यांदा दावा."

वस्तादांना कळलं. डावा हात उचलून त्यांनी मुलाची मान धरली. पकड अजून कडक होती. मग उजव्या हाताला हुकूम केला असावा, कारण खांदा थरथरला, पण हात चादरीवरून हलला नाही. सयाजीने तो हात उचलून आपल्या कोपराशी लावून पाहिला, मग कमरेशी, मग मांडीला. प्रत्येक वेळी वस्ताद मान हलवत होते: नाही.

"इथं? मग इथं, आबा?"

सयाजी बराच वेळ जागा बदलत राहिला. शिवांजली दारात पेजेचं भांडं घेऊन उभी होती. शेवटी वस्तादांनी त्याची मान सोडली आणि भिंतीकडे तोंड केलं.