जोडीनं की एकेकटं

रविवारी ज्या घरी दोन फिजिक्सचे प्रोफेसर बसतात, त्या घरी किस्से उष्ट्या कपांसारखे साठत जातात. आमचं वर्ध्याचं बिऱ्हाड तसलंच. एक प्रोफेसर आमचे हे, दुसरे ह्यांचे दोस्त वानखडे भाऊजी. भांडण एकच: अणूच्या पोटातले कण चालतात कसे? हे म्हणत, प्रत्येक जण आपापल्या वाटेनं. एकमेकांची ओढ मागाहून हिशेबात घ्यायची. भाऊजी म्हणत, ओढ आधी धरा, नाहीतर सगळं गणित खोटं. त्यातलं मला ओ की ठो कळत नसे. मला घोर एकच, आमची दीड वर्षाची लेक छबी बोट सोडून पाऊल टाकत नव्हती. गिरडच्या दर्ग्याला जाऊन नवसही बोलून आले होते.

*

एकदा दोघं परातीत फुटाणे घेऊन बसले. ह्यांनी एकेक फुटाणा काठाकाठानं फिरवून दाखवला. भाऊजींनी परातच हलवली. सगळे एकदम एका बाजूला. तेवढ्यात छबीनं मूठभर तोंडात कोंबले. मी झडपच घातली. बोट घालून सगळे काढले.

भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, यात माझे किती अन् याचे किती?"

*

शेजारच्या शांताबाईंनी भिंतीपलीकडून "वेगळे", "नाई, सोबतच" असं बरेच दिवस ऐकलं. शेवटी येऊन ह्यांच्यापुढे बसल्या.

"बापू, भावाभावानं वेगळं काऊन व्हाव? चूल एकच ठेवा, बाप्पा."

"मी हेच सांगून राह्यलो याले, मावशी!" भाऊजी म्हणाले.

*

मग ठरलं, दोघांनी एकच अणू घ्यायचा, त्याचं गणित आपापल्या रीतीनं सोडवायचं आणि ताडून पाहायचं. अख्खी दिवाळीची सुटी त्यात गेली. उत्तर दोघांचं जवळपास सारखंच! मी आनंदानं शिरा केला. पण दोघंही रुसलेले. दुसराही बरोबर निघाला, हे कुणालाच सोसेना. शिरा मी आणि छबीनं खाल्ला.

*

पुढं छबीवरही तेच प्रयोग. ह्यांनी तिला खोलीत मधोमध उभं करून सोडलं. ती मटकन बसली. भाऊजींनी बोट दिलं, चालली. बोट काढलं, बसली. झालं, दोघं भिंतीवर खडूनं लिहीत पुन्हा भांडायला लागले.

मी पंच्याचं एक टोक छबीच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं आणि तिला हळूहळू फिरवू लागले. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला. टोक टाकून मी आत धावले.

वळून पाहते तर छबी स्वयंपाकघराच्या दारात उभी. एक टोक मुठीत, दुसरं मागं जमिनीवर लोळतंय.

"पाहा, एकटी चालली," हे म्हणाले.

"एकटी कुठं? पंचा धरून राह्यली ना."

दोघंही निवाड्यासाठी माझ्याकडे बघू लागले. मी डोळे पुसत लोळणारं टोक उचललं. छबीनं ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि आल्या वाटेनं परत निघाली.