बेंबीवरचा रुपया

आमचे हे, नाव घेते, सावळाराम, बावड्यात घड्याळं दुरुस्त करतात. बारीक चाक चिमट्यात धरलं की हात तसूभर हलत न्हाय. घरात मात्र खुंटीला पिशवी अडकवायची तर चार वेळा पाडतील. आन छंद काय, तर नाणी. डोळ्याला भिंग लावून कुठल्या नाण्यावर अक्षर दुहेरी उमटलंय ते बघत बसायचं. शेजारी भाजी करपली तरी पत्ता नसतो.

परवा शेजारच्या द्वारकावहिनी पदरानं डोळे पुसतच आल्या. त्यांचा दिग्विजय तान्हा असताना त्याची बेंबी फुगली होती. तवा त्यांच्या मालकांनी खिशातला रुपया काढून बेंबीवर बांधला. मालक गेले, रुपया देव्हाऱ्यात ऱ्हायला. आता दिग्विजयनं मोबाइलात बघितलं, साल दुहेरी उमटलेल्या नाण्याला लाखाचा भाव हाय म्हणं. बारामतीचं गिऱ्हाईक बी हेरून आला.

"भावजी, उद्या तो तुमच्याकडं दाखवायला आणंल. किंमत न्हाय म्हणा. माझ्यासाठी एवढं खोटं बोला."

"वहिनी, नाण्याबद्दल मी खोटं बोलत न्हाय," हे म्हणाले.

माझा असा संताप झाला. मोठे हरिश्चंद्र लागून गेले. त्या दिवशी ताट आपटूनच वाढलं.

सकाळी मायलेक आमच्या घरापुढच्याच दुकानात आले. ह्यांनी भिंग लावलं, नाणं उजेडाकडं तिरकं धरलं, फिरवलं, परत तिरकं धरलं. वहिनी दारातच उभ्या. मी मनातल्या मनात भैरोबाला नारळ बोलले.

"दिग्विजय, हितं बघ," हे शेवटी म्हणाले. "ठसाच दुहेरी कोरला गेला असता, तर दोन्ही आकडे फुगीर दिसले असते, टोकाला खाच असती. ही नुसती चपटी पायरी हाय. नाणं पाडताना ठसा जरासा सरकला. असली कितीतरी निघतात. रुपयाचा रुपयाच हाय."

दिग्विजयनं भिंगातनं बघितलं. मग आईकडं वळून हसला. "बरं झालं, आये. परवापासून तू धड जेवली न्हाईस. मला बी घास गिळवत नव्हता."

वहिनींनी रुपया पदरात बांधून गाठ मारली आन चहा मागितला. माझा जीव भांड्यात पडला.

ती दोघं गेल्यावर मी विचारलंच, "आन खरं दुहेरी निघालं असतं तर?"

"तर खरं म्हणालो असतो."

मी सुनवायला तोंड उघडणार, तोवर ह्यांनी कप उचलला आन अर्धा चहा सांडला. हात थरथरत होता.

"नाणं बघताना बी असाच थरथरत होता," हे म्हणाले. "म्हणून तर एवढा येळ लागला."