आणायला जायचं

अक्षरओळख मला पाटीवर झाली नाही, पत्रकांवर झाली. बाबा आणि काका मिळून पत्रकं काढायचे. काका नात्याने कुणी नव्हेत. ते बाबांबरोबर एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होते आणि नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत दोन घरं सोडून राहायचे. रेशनचं धान्य, वसतिगृहातलं जेवण, वस्तीतला नळ, ज्या प्रश्नावर कुणी बोलत नसे त्यावर आमच्या ओट्यावर पत्रक लिहिलं जाई. छापून आलेला गठ्ठा दुमडायचं काम माझं. बोटांना शाई लागायची आणि आई ओरडायची.

वाचता येऊ लागलं तसा काकांनी मला पत्रकाचा नियम सांगितला. वर मोठ्या अक्षरात विषय. मध्ये अन्याय. आणि शेवटी लोकांनी काय करायचं ते. "शेवटची ओळ नसेल तर ते पत्रक नाही, रडगाणं झालं," ते म्हणायचे. बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. त्यानंतर पत्रकं मी लिहू लागले आणि काका त्यातली विशेषणं खोडू लागले.

कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या बाजूच्या खोलीत काकांनी रुग्णसाहित्य केंद्र सुरू केलं होतं. वॉकर, चाकांची खुर्ची, कमोडची खुर्ची, झोपून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, आणि अगदी मोजकी ऑक्सिजनची मशीनं. ज्याला लागेल त्याने न्यावं आणि गरज संपली की आणून द्यावं. जात, पक्ष, गाव काही विचारायचं नाही. हे दान नाही, हक्क आहे, असं दारावर लिहिलेलं होतं. ते वाक्य माझं.

केंद्र चालवायची मावशी. आईची मैत्रीण, आयुष्यभर अंगणवाडीत काम केलेली. तिच्या नोंदींत तारखा नसायच्या. वॉकर नेला, जयंतीच्या आदल्या दिवशी. गादी परत, पोळ्याच्या सुमारास. तिला सगळं आठवायचं, म्हणून चालायचं. पण तिला साखरेचा त्रास सुरू झाला, मध्येच ती विसरू लागली, आणि केंद्राला कुणीतरी जुना लॅपटॉप दिला. तेव्हा मी म्हटलं की हे सगळं एक्सेलच्या शीटवर घेते.

मला वाटत होतं की मला एक्सेल येतं. मी शीट केली ती पत्रकासारखी. वरच्या सगळ्या चौकटी एकत्र करून केंद्राचं नाव ठळक टाकलं. खाली घोषणा. मग गल्लीगल्लीप्रमाणे मथळे, प्रत्येक मथळ्याखाली नावं, मध्ये मोकळ्या ओळी. दिसायला देखणी. मावशीला मी नावं भरायला शिकवलं, चौकटीत रंग कसा भरायचा तेही दाखवलं. ते शिकल्यावर ती जाम खूश झाली.

पुढे तिने एक पद्धत पाडली. माझ्या लक्षात आली, पण मी काही बोलले नाही. घरातला आजारी माणूस गेला की मावशी त्याच्या ओळीत फिकट निळा रंग भरायची. शब्द लिहायची नाही. निळा आमचा मानाचा रंग, म्हणून निळा. ती ओळ मग तशीच राहायची. वस्तू परत मागायला लगेच कसं जायचं? दहावं-तेरावं होऊ दे, आमच्याकडचं पुण्यानुमोदन होऊ दे. मग महिना जाऊ दे. मग विचारणंच राहून जाई.

त्या हिवाळ्यात काका दवाखान्यात गेले. विड्यांनी फुप्फुसं संपवली होती, ते त्यांनाही माहीत होतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, बरे होणार नाहीत, पण घरी ऑक्सिजनची सोय असेल तर घरी न्या. काकांना घरीच जायचं होतं. काकू मला जिन्यात म्हणाल्या, "त्यांना इथे मरायचं नाहीये. त्या पंख्याकडे बघत पडलेत नुसते. तेवढं एक मशीन बघ." केंद्र त्यांनी काढलेलं, आणि मशीन मात्र मला शोधायचं होतं.

मी शीट उघडली. काउंटइफ हे सूत्र तेव्हा नुकतंच मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले होते. एका रकान्यात अमुक शब्द किती वेळा आलाय ते ते मोजून देतं. ऑक्सिजनची मशीनं किती आणि त्यातली बाहेर किती, एवढंच विचारायचं होतं. उत्तर आलं की सगळी बाहेर आहेत. शिल्लक शून्य.

मावशीला फोन केला.

"सगळी कशी बाहेर?" ती म्हणाली. "त्यातली दोन निळी आहेत की."

"मावशी, सूत्राला रंग दिसत नाही."

"मग तुझं सूत्र आंधळं आहे."

ती थट्टेने म्हणाली, पण तिने बरोबर जागी बोट ठेवलं होतं. चौकटीत जे लिहिलंय तेवढंच सूत्र वाचतं. वर काय रंगवलंय, अक्षर किती ठळक आहे, घोषणा काय आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. रंगावरून ओळी गाळता येतात, म्हणजे फिल्टर लावता येतो, हे मला नंतर कळलं. पण तेव्हाही प्रत्येक ओळीला रंग भरायला मावशी लागणारच, आणि तो कशाचा हे सांगायलाही मावशीच. जी गोष्ट एकाच माणसाला ठाऊक आहे ती संस्थेला ठाऊक नसते.

दुसऱ्या दिवशी विहारात बसून मी माझं देखणं पत्रक मोडलं. नेलेल्या तारखेप्रमाणे ओळी लावायला गेले तर एक्सेल अडून बसलं, कारण वरच्या चौकटी एकत्र केलेल्या. त्या सोडवल्या. घोषणा काढली. गल्लीचे मथळे काढून गल्ली हा एक वेगळा रकाना केला. मोकळ्या ओळी मिटवल्या. एका ओळीत एक वस्तू, एका रकान्यात एकच गोष्ट. कुणी काय मागितलंय त्याचं वेगळं पान केलं. मावशी शेजारी बसून आठवून आठवून खऱ्या तारखा सांगत होती. जयंतीच्या आदल्या दिवशी म्हणजे तेरा एप्रिल, हे लिहिताना मला हसू आलं आणि तिला आलं नाही. "तुला काय कळतंय," ती म्हणाली, "त्या दिवशी कोण कोण जिवंत होतं ते मला त्याच्यावरून आठवतं."

मग टुडे शिकले. आजची तारीख रोज आपोआप बदलते. तिच्यातून नेलेली तारीख वजा केली की वस्तू किती दिवस बाहेर आहे ते समोर येतं. त्याला इफ लावलं, म्हणजे परत आलेल्या वस्तूंपुढे काही दिसणार नाही. अवस्थेच्या रकान्यात मोकळं लिहू न देता यादीतूनच शब्द निवडायचा, हेही शिकले. यादीत दोन शब्द टाकले. वापरात. परत. तिसऱ्यापाशी आम्ही अडलो.

मी "निधन" लिहिलं. मावशीने माझा हात धरला.

"हा वस्तूंचा तक्ता आहे. स्मशानाचा नाही."

"गेलेत ते गेलेत मावशी. लिहायला काय जातं?"

"त्यांची सून उद्या इथे आली आणि तिने बघितलं तर? सासऱ्यापुढे काय लिहिलंय?"

मला राग आला. गोष्टीला तिच्या नावाने हाक मारायची हे मी पत्रकांतूनच शिकले होते. माणूस गेला की त्याची ओळ रंगवून गप्प बसायचं, याला आपण हळवेपण म्हणतो. मला ती सोय वाटत होती. आपल्याला अवघड वाटू नये म्हणून एक मशीन कुठेतरी बंद पडून राहतं आणि दुसरीकडे कुणीतरी पंख्याकडे बघत बसतं. हे मी मावशीला बोलून दाखवलं. ती उठून चहा करायला गेली.

संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊनच दवाखान्यात गेले. काकांच्या नाकात नळी होती. दोन शब्द बोलले की थांबावं लागे. मी सगळं सांगितलं, मावशीचंही.

"दाखव," ते म्हणाले. शीट बराच वेळ बघितली. "घोषणा कुठे गेली?"

"काढली."

"बरं झालं. लय बोंबलत होती." मग श्वास घेऊन म्हणाले, "पत्रकाची शेवटची ओळ कोणती असते?"

"लोकांनी काय करायचं ती."

"मग? माणूस मेला, हे लोकांना माहीत असतं. ते कशाला लिहिता? पुढे काय करायचं ते लिहा." पुन्हा थांबले. "लिही. आणायला जायचं."

मी यादीत तिसरा शब्द म्हणून ते टाकलं. खाली काउंटइफला तेच मोजायला लावलं. ऑक्सिजनचं मशीन, आणायला जायचं. उत्तर आलं दोन.

"आता हे बघ," काका म्हणाले, "माझ्या आधी कोणी मागितलंय का?"

"काका, कोणी नाही."

"तोंडाने सांगू नको. गाळून दाखव."

मी मागणीच्या पानावर फिल्टर लावला. ऑक्सिजनच्या मशीनसाठी एकच ओळ राहिली, त्यांचीच. मग त्यांनी मान हलवली.

दोन मशीनांपैकी जे जास्त दिवस बाहेर होतं ते नेणाऱ्यांचं घर कॉलनीत होतं, पण कुलूप लागलेलं. त्यांचं मूळ गाव सायखेडा, सगळे तिकडेच गेलेले. मी आणि मावशी बसने गेलो. वाटेत मावशी एकदाच बोलली. "काय तोंडाने मागणार आहेस?" मी एवढी पत्रकं लिहिली, पण कुणाच्या घरी जाऊन अशी वस्तू परत मागितली नव्हती.

नदीकडच्या बाजूला घर होतं. पडवीत गेलेल्या माणसाचा भाऊ कांद्याची रोपं निवडत बसला होता. मावशीने ओळख सांगितली. तो उठून उभा राहिला. आम्ही काही मागायच्या आत म्हणाला, "मशीनसाठी आल्या ना? बसा."

ते आतल्या खोलीत फोटोखाली होतं. धुतलेल्या चादरीत गुंडाळलेलं, वर नळीची गुंडाळी दोऱ्याने बांधलेली. धूळ नव्हती.

"आमी कवाचं बांधून ठेवलं," तो म्हणाला. "पर तुमी कुणी आलाच नाय. वयनी म्हनायची, नेऊन द्या. मी म्हनायचो, त्यांनला लागत आसतं तर आले नसते का. आन खरं सांगू का ताई, भावानं त्याच्यावर लय दिवस काढले. सवता उचलून घराभायेर काढायचं म्हंजे..."

आम्ही संकोचाने गेलो नव्हतो आणि ते संकोचाने आले नव्हते. मावशी त्याच्या वहिनीशी आत बोलत बसली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि हातात मेथीची जुडी होती. मशीन त्याने स्वतः उचलून बसपर्यंत आणलं, आम्हाला हात लावू दिला नाही. चढवताना विचारलं, "आता कुनाला?" मावशी म्हणाली, "ज्यांनी हे केंद्र काढलं त्यांना." तो थोडा वेळ मशीनवर हात ठेवून उभा राहिला.

काका घरी आले. खिडकीपाशी खाट टाकली होती, मशीन दिवसभर घुरघुरत असे. काकू म्हणायच्या की यांच्या घोरण्यापेक्षा हे बरं. त्या दिवसांत मी जे शिकले ते सगळं त्यांच्या खाटेशेजारी बसून शिकले. अवस्थेतला शब्द बघून ओळीला आपोआप रंग कसा द्यायचा, तेही. आणायला जायचं, असं निवडलं की फिकट निळा. मावशीला दाखवलं तेव्हा तिने तो शब्द निवडून, खोडून, पुन्हा निवडून बघितला.

"म्हणजे माझा रंग राहिला," ती म्हणाली.

"राहिला. पण आता शब्दामागून येतो."

काकांनी डोळे मिटूनच सांगितलं, "माझ्या ओळीला उशीर करू नका. नाहीतर भूत होऊन गाळणी लावीन."

ते घरीच गेले, खिडकीपाशी. काकू उशाशी होत्या.

पुण्यानुमोदन झालं त्या दुपारी मी विहाराच्या खोलीत शीट उघडली. मागणीच्या पानावर मखमलाबादच्या एका आजीबाईंची ओळ आली होती, ऑक्सिजनचं मशीन. मी काकांच्या ओळीत गेले. अवस्थेच्या चौकटीतला बाण दाबला. तीनच शब्द उघडले. बाणापाशी माझा हात थांबला. मावशी मागे येऊन उभी होती.

मी शब्द निवडला. ओळ निळी झाली.

मावशीने चपला घातल्या. "चल," ती म्हणाली, "काकूंनी नळी धुऊन ठेवली असेल."