सुनेच्या गिटारची मान

जबलपूरच्या मंडळींनो, दुपारपासून छाती धडधडून राहिली आहे, म्हणून लिहायला बसलो.

आमची सून हिंदी घरातली. वडिलांनी दिलेली गिटार घेऊन आली. वडील आता नाहीत. मागे म्हणाली, "बाबा, तार बहुत ऊपर हो गए हैं, उँगलियाँ दुखती हैं," आणि गिटार कपाटावर ठेवून दिली.

ते मला बघवेना. गिटारची मान, म्हणजे तारांखालची लांब दांडी, वाकली की तारा वर उचलल्या जातात; मग आतल्या लोखंडी सळईचा नट आवळतात, असं व्हिडिओत पाहिलं. पाव फेरा द्यायचा आणि थांबायचं. मी जन्मभर फॅक्टरीत फिटर होतो. वाटलं, यात काय कठीण?

आज ती मदन महालला आईकडे गेली, तेव्हा नटाला चावी लावली. पाव फेरा झाला. पण शेवटचा झटका दिल्याशिवाय फिटरचा हात सुटत नाही. झटका बसला आणि आत कट् वाजलं.

बायको धावत आली. "काहून हात लावला? तिच्या वडिलांची वस्तू आहे ती."

नट थोडा मागे घेतला. मान चाचपली. चीर सापडली नाही, तरी चष्मा लावून पुन्हा पाहिली.

सून आल्याबरोबर सगळं सांगून टाकलं. ती बराच वेळ मान न्याहाळत बसली. मग तारा दाबल्या. "तार तो नीचे आ गए, बाबा. अगली बार फॅक्टरीवाला हाथ बाहर रखके आइए."

आता ती आतल्या खोलीत वाजवून राहिली आहे. घरचे गाणं ऐकतात, मी तो कट् पुन्हा येतो का ते ऐकतो. जाणकारांनो, खरं सांगा, मान टिकेल ना?