ट्रॉलीवरून दिलेला होकार

मंडळी, कारखान्याच्या रांगेत उसाच्या ट्रॉलीवर बसून लिहितोय. डोकं लई तापलंय.

कॉलेज अर्ध्यात सोडून यंदा घरच्यांबरोबर ऊसतोडीला श्रीगोंद्याकडं आलो. फडात रेंज फक्त भरलेल्या ट्रॉलीच्या टोकावर येते. तिकडं पाथर्डीत माझं जिच्यावर प्रेम हाय, तिच्या बापानं आमचं कळल्यावर तिच्या फोनमधलं सिमच काढून घेतलंय. तिच्या शेजारच्या वहिनींच्या वायफायवरून तेवढं आमचं बोलणं होतं.

आज दुपारी ती म्हणाली, "उद्या मला बघायला पाहुणे येणारेत. तू घरी येऊन बोलतो का? व्हय का न्हाई, आत्ता सांग."

"येतो!" असं ओरडलो, तोवर ट्रॅक्टर हलला आणि रेंज गेली. "मामा, थांबवा!" म्हणून बोंबललो, पण ड्रायव्हरमामांची गाणी जोरात.

कारखान्यावर रेंज आली, तर तिचा मेसेज: "गप बसलास ना? कळलं मला."

तेव्हापासून कॉल लागत नाही. वायफाय बंद असणार. आत्ता उतरून एसटी धरतो, पण मी पोचायच्या आत ती हो म्हणून बसली तर?

घसा फोडून दिलेलं उत्तर पोचलं नाही, तर त्याला गप बसणं म्हणायचं का?

वहिनी, तुमीबी या ग्रुपवर हायेत. पाया पडतो, वायफाय चालू करा.